मनमोहन खुर्चीत बसला ती दुपार

आमच्या मनमोहनला बसता येत नाही. म्हणजे पाय धड आहेत, पाठ धड आहे, डॉक्टर म्हणतो हृदयसुद्धा उत्तम; पण एका जागी टेकणं काही त्याच्याकडून होत नाही. चहा उभ्याने पितो. पेपर चालता चालता वाचतो आणि कपाटावर आपटतो. जेवताना दोन घास झाले की उठून खिडकीशी जातो, खाली वाडीत कोण आलं ते बघतो, परत येतो, तोवर वरणभात गार. लग्नाआधी हे मला फार गोड वाटायचं. चौपाटीवर भेटलो की हा माझ्याभोवती फेऱ्या मारत बोलायचा. मला वाटायचं, काय हा उत्साह! आता बोला.

मी त्याला मनमोहनच म्हणते आणि अरे-तुरेच करते. गिरगावातल्या मानकर परभूंच्या घरात घोडपदेवच्या चाळीतली मुलगी सून म्हणून आली, ती नवऱ्याला नावाने हाक मारते आणि कालवणात त्यांच्या संबार मसाल्याऐवजी आपला मालवणी मसाला घालते, हे सासूबाईंना शेवटपर्यंत पचलं नाही. मला त्यांचं पुष्कळ पचलं. फक्त नवऱ्याचं हे भिंगरीसारखं फिरणं तेवढं पचलं नाही. पाहुणे आले की मी आधीच सांगून टाकते, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, तो असाच असतो.

माझ्या माहेरी, गुणाजी चाळीत, तर त्याची थट्टाच चालते. माझा मोठा भाऊ तात्या तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत राहतो. चाळीच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष आहे, आवाज मोठा आहे आणि गॅलरीत कोपऱ्यातल्या खांबाला टेकून त्याची एक लाकडी खुर्ची कायमची मांडलेली असते. मनमोहन दारात आला की तात्या उठून खुर्ची पुढे करणार. "मनमोहनराव, टेका जरा. आमच्या खुर्चीत ढेकूण नाहीत." मनमोहन म्हणणार, "बसतो बसतो," आणि गॅलरीभर चालत राहणार. आमचं लग्न झाल्यापासून हे चाललंय. त्या खुर्चीत जावई कधी बसला नाही.

त्याची नोकरीही अशीच, सतत हलणाऱ्या गोष्टींची. दादरला त्याचं ऑफिस आहे. जुन्या इमारतीशेजारी टॉवरसाठी खड्डा खणायला लागले की जुनी इमारत हलते का, कलते का, ते मोजणारं ऑफिस. इमारतीच्या खांबांवर लोखंडी पट्टीवर छोटे डबे बसवतात. त्यांना सेन्सर म्हणतात. खांब किती कलला त्याचे आकडे ते दिवसभर कॉम्प्युटरला पाठवत राहतात. मनमोहन तिथे लागला ड्राफ्ट्समन म्हणून. तेव्हा तो आकड्यांचे ग्राफ हाताने काढायचा. आधी कागदावर उभी आडवी मापं आखायची, म्हणजे स्केल ठरवायचं, मगच रेघ काढायची. पुढे कॉम्प्युटर आला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण ह्याने तेही शिकून घेतलं. उभ्यानेच.

आणि शिकला तो असा शिकला की ऑफिसचा पसारा त्याला बघवेना. आकड्यांची पानं असतात, वर्कशीट म्हणतात त्यांना. ऑफिसातल्या पोरांनी त्यांना दिलेली नावं काय, तर 'शीट वन', 'शीट वन नवीन', 'शीट वन नवीन खरं', आणि एकाचं नाव चक्क 'हे नको'. परळच्या इमारतीचं पान भायखळ्याच्या फाइलीत. ह्याचा जीव खालीवर. मग त्याने एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच सांगून ठेवायचं की आता हे कर, मग ते कर. एक बटण दाबलं की सगळी पानं इमारतीप्रमाणे, मजल्याप्रमाणे, कोपऱ्याप्रमाणे ओळीत उभी. जुनी मागे, ताजी पुढे. प्रत्येक पानाचा ग्राफ आपोआप तयार, आणि त्या ग्राफचं स्केलही आपोआप. सगळ्यात मोठा आकडा चौकटीच्या वरच्या टोकाला, सगळ्यात लहान खालच्या टोकाला. ऑटो स्केल. ज्या दिवशी ते पहिल्यांदा नीट चाललं, त्या दिवशी मनमोहन पेढे घेऊन घरी आला. मी म्हटलं, एवढं काय? तर म्हणाला, "शकू, आता माणूस नसला तरी पानं रांगेत राहतील." मला तेव्हा हसू आलं, पण माणूस खरंच खूश होता.

त्या ऑटो स्केलची चुणूक मला घरीच मिळाली. आमच्या लेकीने, उर्वीने, बंगलोरहून ब्लड प्रेशरचं मशीन पाठवलं. मनमोहनने माझा सकाळ-संध्याकाळ दंड आवळायला सुरुवात केली आणि महिनाअखेर ग्राफ काढून माझ्यापुढे धरला. देवा रे! नुसते कडे आणि दऱ्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तसाच कागद घेऊन डॉक्टरकडे गेले, तर तो बाबा हसायलाच लागला. म्हणाला, "काकू, बाजूचे आकडे वाचा. एकशेअठरा, एकशेएकवीस, एकशेएकोणीस. माझं असं असतं तर मी पार्टी दिली असती." घरी येऊन मी मनमोहनला झाडलं. "तुझी ती स्क्रिप्ट म्हणजे पासपोर्ट फोटोवाला आहे मेली! बाळाचं डोकं असो नाहीतर पैलवानाचं, चौकटीत सारखंच भरवणार." तो हसला आणि हसत हसत स्वयंपाकघरात फेरी मारून आला.

मग गुणाजी चाळीशेजारी टॉवरचा खड्डा सुरू झाला, आणि चाळीला डबे बसवायचं काम नेमकं मनमोहनच्या ऑफिसकडे आलं. चाळीला केवढा आधार वाटला! आपला जावईच मोजणार म्हटल्यावर काय. दर शनिवारी मनमोहन जाऊन चाळीच्या फळ्यावर ग्राफ लावायचा आणि लोक ते वाचायला शिकले. उन्हाने खांब तापले की चाळ दुपारी जराशी बाहेर कलते, रात्री गार झाली की जागेवर येते. ग्राफवर लाटाच लाटा. मनमोहनने हे समजावून सांगितलं तेव्हा तात्या म्हणाला, "म्हणजे दुपारी जेवून कलंडते आणि संध्याकाळी उठते. माझ्यासारखीच की!" सगळी चाळ हसली. तेव्हापासून फळ्यापुढे उभं राहून बायका म्हणायच्या, काय, या आठवड्यात झोप झाली वाटतं चाळीची.

मग दहीहंडी आली. आमच्या चाळीची हंडी पूर्वापार समोरच्या इमारतीला दोर बांधून लागते. यंदा तात्याला दोर बांधायला तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यावर आयती लोखंडी पट्टी दिसली. सेन्सरची. भक्कम, भिंतीत ठोकलेली, जणू देवानेच पाठवलेली. तात्याने दोर तिथे बांधला. खाली ढोल, वर पाण्याचे फुगे, हंडी वर ओढली, खाली सोडली, परत ओढली, कुणीतरी दोराला लोंबकळलं. इकडे दादरला कॉम्प्युटरवर गुणाजी चाळीचा कोपरा एका मिनिटात कुठल्या कुठे जाऊन आला.

मनमोहन धावतच गेला. दोर बघून डोक्यावर हात. दुसऱ्या दिवशी त्याने पट्टी घट्ट केली, डबा तपासला, शून्य जुळवलं. सगळं ठीक होतं. तात्या म्हणाला, "चुकलं बाबा, पण हंडी काय लागली!" तो हंडीचा आकडा मात्र मनमोहनने पानावर तसाच ठेवला. हा त्याचा जुना नेम आहे. आलेला आकडा पुसायचा नाही. वेडावाकडा असला तरी शेजारी कारण लिहायचं आणि राहू द्यायचा. आज एक पुसला की उद्या हात सैल सुटतो, म्हणतो. ह्या नेमाबद्दल मला त्याचा अभिमानच आहे, पण त्या वेळी नडला तो हाच नेम.

शनिवारी फळ्यावर ग्राफ लागला. एक उंच सुळका, हंडीचा. त्याच्यापुढे अगदी सरळ रेघ. लाट नाही, काही नाही. चाळ एकदम खूश. तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटाने दाखवायचा. "बघा! हंडीने नजर काढली चाळीची. शांत झाली." मंडळाचा सेक्रेटरी राजेश, त्याने तर त्या ग्राफचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली हात जोडलेले. पुढच्या शनिवारीही तशीच सरळ रेघ. गणपती तोंडावर आले होते, लोकांचं लक्ष मखरात.

मनमोहनचं फिरणं मात्र वाढलं. आधी खिडकीपर्यंत जायचा, आता जिन्यापर्यंत जाऊन यायला लागला. विचारलं तर "काही नाही." काही नाही म्हणणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो.

हरतालिकेचा दिवस. माझा कडक उपास, त्यात दुसऱ्या दिवशीच्या मोदकांची तयारी, डोकं आधीच तापलेलं. सकाळी हा हातात ग्राफचा कागद घेऊन माझ्या आणि ओट्याच्या मध्ये येरझारा घालतोय. मी खेकसले, "मनमोहन, एक तर बस नाहीतर बाहेर जा!"

तो थांबला. म्हणाला, "शकू, चाळ दुपारी झोपत का नाही?"

"काय?"

"तात्या म्हणतात ना, दुपारी कलंडते, संध्याकाळी उठते. ऊन तर पडतंय. मग ह्यात कलंडलेली का दिसत नाही?"

एवढं बोलून तो आतल्या खोलीत गेला. मी हात पुसून मागोमाग गेले. लॅपटॉप शिवणाच्या मशीनवर ठेवून उभ्यानेच बटणं बडवत होता. ग्राफच्या बाजूचे आकडे त्याने मला बोटाने दाखवले. हंडीचा तो एक आकडा एवढा अवाढव्य होता की तो चौकटीत मावावा म्हणून स्क्रिप्टने सगळं स्केलच ताणलं होतं. बाकीचे आठवडे त्या मापात चेपून एका रेघेत गेले होते. रेघ सरळ नव्हतीच. दिसत नव्हती एवढंच. मग त्याने ऑटो स्केल बंद केलं. पूर्वी कागदावर आखायचा तशी मापं हाताने घातली, आधी ठरवून. आणि बटण दाबलं.

दुपारच्या लाटा परत आल्या. पण प्रत्येक लाट आदल्या लाटेपेक्षा वर. चाळ दुपारी कलत होती आणि रात्री पुरती परत येत नव्हती. रोज थोडी बाहेर राहत होती. तो कोपरा तिसऱ्या मजल्याचा होता. तात्याचा.

मनमोहनचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. म्हणाला, "हे मी केलं. मीच त्याला शिकवलं, जे सगळ्यात मोठं असेल ते मावव म्हणून."

त्याने तिथूनच विक्रांतला फोन लावला. विक्रांत म्हणजे त्याचा साहेब, पोरगेलासा इंजिनिअर, वाईट नाही. त्याने ग्राफ मागवून बघितला. म्हणाला, "मानकर, कल वाढतोय, मान्य. पण लाल आकड्याच्या, म्हणजे धोक्याच्या मर्यादेच्या, आत आहे. लाल आकडा ओलांडल्याशिवाय आपण घरं रिकामी करा म्हणू शकत नाही. मी सगळीकडे मेल टाकतो, पण उद्यापासून सुट्ट्या आहेत. गणपतीनंतर बघतील." फोन ठेवल्यावर मनमोहन एवढंच म्हणाला, "उद्या सकाळी लालबागच्या कारखान्यातून मूर्ती येते. सगळी चाळ तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून फुलं टाकते." हे मला कुणी सांगायला नको होतं. लहानपणापासून मी त्याच गॅलरीतून फुलं टाकलेली.

आम्ही टॅक्सीने घोडपदेवला गेलो. चाळीच्या अंगणात मखराचं काम जोरात होतं, थर्माकोलचा भुगा, गोंदाचा वास, स्पीकरची चाचणी. मनमोहनने कॅरम बोर्डावर लॅपटॉप ठेवला, तात्याला आणि राजेशला बोलावलं. बोलावलं दोघांना, जमली अर्धी चाळ. त्याने दोन्ही ग्राफ दाखवले, एकाखाली एक. म्हणाला, "चूक माझी आहे. पण आज, आत्ता उतरायला हवं. निदान कोपऱ्याच्या खोल्या आणि वरची गॅलरी."

राजेश हसला. "काका, आकडे तेच ना?"

"तेच."

"काल सरळ होती. आज तुम्ही बटण दाबलं, वर गेली. मग परत दाबा, खाली येईल." लोक हसले. राजेशला जोर चढला. "तुमच्या ऑफिसला पैसे कोण देतं हो? टॉवरवालाच ना? चाळ रिकामी झाली तर फायदा कुणाचा? इतके दिवस सरळ रेघ, आणि नेमकं मूर्ती यायच्या आदल्या दिवशी धोका! वा!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि हा कालचा पोरगा माझ्या नवऱ्याला विकला गेला म्हणतो! मी पुढे झाले. "राजेश, गेल्या वर्षी मोठ्या मंडळाच्या त्या वीस फुटी गणपतीपुढे तू फोटो काढलास ना? काढ मोबाईल. काढ म्हणते ना!" त्याने काढला. "ह्यात तुझं तोंड दाखव."

"मावशी, ते... मूर्ती मोठी आहे, म्हणून..."

"म्हणून फोटोवाला मागे गेला आणि तू मुंगीएवढा झालास. तेव्हा तुझ्या नाकावर केवढं गळू होतं, रडत होतास. ते ह्यात दिसतंय? नाही. मग काय गळू नव्हतं? तुमची हंडी म्हणजे ती मूर्ती. ती एकटी मावावी म्हणून सगळं बारीक झालं. आता ह्याने हंडी बाजूला ठेवून जवळून फोटो घेतलाय, तर दिसतंय ते!"

सगळे तात्याकडे बघायला लागले. तात्याने ग्राफवरच्या सुळक्यावर बोट ठेवलं. "दोर मी बांधला," म्हणाला. मग म्हणाला, "मनमोहनराव, कलते आहे, समजलं. पण तो तुमचा लाल आकडा ओलांडला काय?"

"नाही."

"मग झालं तर. ही चाळ माझ्या बापाच्या आधीची. दहा दिवसांनी काय फरक पडतोय? उद्या मूर्ती दारात येणार आणि आम्ही घरं सोडून जायचं? अपशकुन तो. विसर्जन होऊ दे, मी स्वतः सगळ्यांना काढतो." आणि तो वाईट बोलत नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते. लोकांनी माना डोलावल्या, परत कात्र्या, परत गोंद.

मनमोहनने लॅपटॉप मिटला आणि जिना चढायला लागला. मला वाटलं डबा बघायला चाललाय. मी आपली तात्याशी भांडत राहिले. मग वरून वहिनीची हाक आली, तात्याच्या बायकोची. हाक कसली, किंकाळीच. "अहो! वर या! भावोजी बसलेत!"

आम्ही वर गेलो. तिसरा मजला, कोपरा, खांबाला टेकलेली तात्याची ती लाकडी खुर्ची, आणि तीत मनमोहन. दोन्ही पाय जमिनीवर, हात मांडीवर. डोक्याच्या अगदी वर तो सेन्सरचा डबा.

"तात्या," तो म्हणाला, "तुम्ही नेहमी म्हणता ना टेका. टेकलो. तुम्ही सगळे खाली उतरलात की मी उठेन."

तात्या हसायला गेला, त्याला जमलं नाही. "काय पोरखेळ हा, मनमोहनराव?"

मनमोहन हलला नाही. तुम्हांला कसं सांगू, तो अजिबात हलत नव्हता! झोपेतसुद्धा ह्याचा पाय हलतो, मी वर्षानुवर्षं लाथा खाल्ल्यात. इथे बोटसुद्धा नाही. लोक एकेक करून येऊन बघून जायला लागले. मला भीती वाटली. ज्याच्या आयुष्यासाठी सकाळपासून उपाशी होते, तो माणूस नेमका पडायच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. मी म्हटलं, "मनमोहन, ऊठ. माझी शपथ आहे." तो म्हणाला, "शकू, तू खाली जा."

खाली जा म्हणे! मी त्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बैठक मारली. काय करणार, लग्न केलंय. रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम.

वहिनीला काही सुचेना, तिने चहा केला. कप पुढे केला. मनमोहनने तो घेतला आणि बसून प्यायला. शेवटच्या घोटापर्यंत, बसून. वहिनीने रिकामा कप हातात घेतला, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि आत गेली. मला आतून भांड्यांचा आवाज आला. डोकावले तर ती देव्हाऱ्यातले देव एकेक करून ताटात काढून ठेवत होती.

तात्या ओरडला, "अगो, काय करतेस?"

"हा माणूस बसला," वहिनी म्हणाली. "तुम्हांला काय करायचं ते करा. मी नाही राहायची इथे."

ती देवांचं ताट घेऊन जिना उतरायला लागली. तिच्यामागे शेजारची आपल्या म्हाताऱ्या सासूला घेऊन निघाली. मग एकेक दार वाजायला लागलं, कड्या, कुलपं, गॅसची सिलेंडरं. तात्या जिन्याच्या तोंडाशी उभा राहून सगळ्यांना जाताना बघत होता. शेवटी त्याने भिंतीवरचा आईवडिलांचा फोटो काढला, काखेत मारला आणि मनमोहनसमोर येऊन उभा राहिला. "उठा आता. माझ्याआधी उतरा." तेव्हा कुठे मनमोहन उठला.

पलीकडच्या गल्लीतल्या शाळेचा हॉल तात्याने त्याच संध्याकाळी मिळवला. मूर्ती तिथे आली. गॅलरी नाही म्हणून फुलं बाकावर चढून टाकली. चाळीच्या दाराला तात्याने साखळी लावली आणि चावी कमरेला. मन मोडलेलं होतं, पण एकदा हो म्हटल्यावर तो मागे फिरणारा नाही.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. लोक लादीवर झोपून कंटाळले. डास, नळाला रांग, म्हाताऱ्यांच्या पाठी धरल्या. राजेश मनमोहनला ऐकू जाईल असं बोलायचा, "चाळ मस्त उभी आहे हो, आपणच आडवे झालो." काही जण तात्याकडे चावी मागायला गेले, निदान अंघोळीपुरती. तात्याने दिली नाही, पण आमच्याशी बोलणंही बंद केलं. मनमोहन दिवसातून दहादा चाळीपर्यंत जाऊन यायचा. मी मात्र मनातल्या मनात काय म्हणत होते ते सांगते. मी म्हणत होते, देवा, ह्याला खोटा पाड. सगळ्या चाळीने ह्याला जन्मभर हसू दे, मी ऐकून घेईन, पण माझं माहेर उभं राहू दे.

गौरी जेवायच्या दिवशी दुपारी हॉलमध्ये पंगत बसली होती. वहिनी पुरणपोळ्या वाढत होती. आवाज आला तो ढोलाचा नव्हता. मोठं पोतं पडावं तसा, आणि मग बराच वेळ नुसती खडखड. सगळे ताटं टाकून पळाले.

धुळीतून काही दिसेना. मग दिसलं. बाकीची चाळ उभी होती. तिसऱ्या मजल्याचा कोपरा नव्हता. तात्याच्या खोलीचा दर्शनी भाग, गॅलरी, खांब, सगळं खाली दुसऱ्या मजल्याची गॅलरी घेऊन अंगणात आलेलं. वर तात्याच्या खोलीची आतली निळी भिंत उघड्यावर, तिच्यावर आईवडिलांचा फोटो होता तिथली रिकामी चौकट. अंगणात ढिगाऱ्याच्या कडेला एक लाकडी पाय पडला होता. खुर्चीचा.

राजेश तिथेच फुटपाथवर खाली बसला. तात्या साखळी लावलेल्या दाराशी गेला, कुलूप ओढून बघितलं, लागलंय ना, आणि चावी मुठीत धरून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

मी मनमोहनचा हात धरला होता. त्या लाकडी पायाकडे बघून मला एकदम कळलं की मला काय विचारायचंय. "मनमोहन, खरं सांग. तू आकडे बघितले होतेस ना? त्या दुपारी पडणार नाही, हे तुला माहीत होतं, म्हणून बसलास ना?"

"नाही गं," तो म्हणाला. "ग्राफ आजपर्यंतचं सांगतो. उद्याचं नाही. कोपरा त्या दुपारीही पडू शकला असता."

"आणि मी शेजारी बसले होते! मला उठवलं का नाहीस?"

"उठली असतीस?"

मी त्याच्या खांद्यावर एक रट्टा दिला आणि मग तिथेच, भर रस्त्यात, त्याला धरून रडले.

संध्याकाळी आरतीनंतर तात्या आमच्याकडे आला. मनमोहन हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा घालत होता, बाकाला धडकत होता, वाटेत आलेल्याला सॉरी म्हणत होता. तात्याने शाळेची एक खुर्ची ओढत आणली, आपल्या उपरण्याने पुसली आणि म्हणाला, "मनमोहनराव, टेका जरा."

मी खुर्चीच्या पाठीला हात लावून ती मागे सारली.

"राहू दे तात्या," मी म्हटलं. "तो फिरतोय तेच बरं आहे."